विज्ञान न शिकलेल्यांसाठी भौतिकशास्त्र: अडचण गणिताची नसतेच

इतिहास, अर्थशास्त्र, कायदा किंवा साहित्य शिकणाऱ्यांसाठी बऱ्याच विद्यापीठांत भौतिकशास्त्राचा एक प्राथमिक अभ्यासक्रम असतो. एका सत्राचा, फार तर दोन. कुणी श्रेयांक भरून काढायला घेतं, कुणी हौसेनं. पहिल्या तासाला वर्गात जी धास्ती असते ती मात्र सगळ्यांची एकच: गणित. शाळा सुटल्यापासून बीजगणिताचं तोंड पाहिलेलं नाही, आता कसं होणार?

ही धास्ती भलत्याच जागी आहे. इथे लागणारं गणित म्हणजे गुणाकार, भागाकार, दहाचे घात आणि एककं सांभाळायची शिस्त. खरी अडचण वेगळी आहे. चेंडू झेलताना, सायकल चालवताना, जड कपाट सरकवताना आपल्या शरीरानं लहानपणापासून स्वतःचं एक भौतिकशास्त्र जमवलेलं असतं. रोजच्या कामाला ते पुरतं, म्हणून ते खरंही वाटतं. अभ्यासक्रमाचा बराचसा वेळ ते खोडण्यात जातो. विज्ञान शाखेच्या मुलांचाही जातो, फक्त सूत्रांच्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

एक प्रश्न घ्या. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटलाय, वर चाललाय, टोकाला अजून पोचायचाय. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणकोणती बलं आहेत? बहुतेकांचं उत्तर असं येतं: हातानं दिलेलं वरच्या दिशेचं आणि पृथ्वीचं खालच्या दिशेचं, हाताचं हळूहळू संपत जातं, टोकाला दोन्ही बरोबरीत येतात, मग पृथ्वी जिंकते. ऐकायला अगदी पटतं आणि साफ चूक आहे. चेंडू सुटला त्या क्षणी हाताचा संबंध संपला. वर जाताना, टोकाला आणि खाली येताना चेंडूवर एकच बल आहे, पृथ्वीचं, आणि ते सगळा वेळ तेवढंच आहे. मग चेंडू वर जातोच का? कारण सुटताना त्याला वेग होता, आणि असलेला वेग टिकवायला बल लागत नाही. बल लागतं तो बदलायला. पृथ्वी तो बदलत असते, दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद इतका. टोकाला वेग शून्य होतो, पण बदलणं थांबत नाही. ते थांबलं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

‘वेग टिकवायला बल लागत नाही’ हे वाक्य पाठ करायला दोन सेकंद पुरतात, पचायला माणसाला जवळजवळ दोन हजार वर्षं लागली. ॲरिस्टॉटलला ते मान्य झालं नसतं आणि त्याचं काही चुकत होतं असंही वाटत नाही, कारण कपाट ढकलणं थांबवलं की कपाट थांबतं. थांबवणारं असतं घर्षण. ते सगळीकडे असतं पण दिसत नाही, म्हणून हिशोबात धरायचं राहून जातं. गॅलिलिओनं उतरत्या फळीवरून गोळे घरंगळत सोडून घर्षण मनातल्या मनात वजा करायला शिकवलं. त्याचं यावरचं पुस्तक १६३८ साली आलं, आणि १६८७ मध्ये न्यूटननं त्याला नियमाचं रूप दिलं. हवेचा विरोधही असाच लपून राहतो. १९७१ साली चंद्रावर, जिथे हवाच नाही, अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटनं एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून पीस एकाच वेळी सोडलं. दोन्ही एकदमच खाली पोचली. त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं आणि उत्तर माहीत असूनही बघताना गंमत वाटते.

आपल्या डोक्यातलं हे जुनं भौतिकशास्त्र किती चिवट असतं, याचं मोजमापही झालेलं आहे. १९९२ साली हेस्टेनीस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या अमेरिकी संशोधकांनी चेंडूसारख्याच साध्या प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाहीच, नुसते पर्याय. सत्रभर न्यूटन शिकून परीक्षेत अवघड गणितं सोडवणारी मुलंही तिच्यात अडखळली. हार्वर्डमध्ये एरिक माझुर या प्राध्यापकांनी ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला वाटतं त्याप्रमाणे? मला हा प्रश्न फार प्रामाणिक वाटतो. माझुर यांनी त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली: प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याशी वाद घालायचा. पुढे १९९८ साली रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र तपासले. वर्गात वाद-चर्चा होत असेल तिथली सुधारणा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांपेक्षा सुमारे दुप्पट निघाली. तेव्हा हा अभ्यासक्रम घेणार असाल तर वह्या भरण्यापेक्षा भांडायला एक मित्र शोधा.

बलाची समजूत पक्की झाली की एक जुना घोळ आपोआप सुटतो. अंतराळस्थानकात माणसं तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्वाकर्षण नाही, असं बहुतेकांना वाटतं. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे केंद्रापासूनचं अंतर जेमतेम सहा टक्क्यांनी वाढलं, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के भरतं. मग तरंगणं कसलं? ते पडणं आहे. स्थानक आणि आतली माणसं सगळी एकदमच पडताहेत, म्हणून पायाखालची जमीन पायाला रेटा देत नाही. एका सेकंदात स्थानक सुमारे ४.३ मीटर पृथ्वीकडे पडतं. त्याच सेकंदात ते ७.७ किलोमीटर पुढेही जातं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाई नेमकी तितकीच खाली वळलेली असते. पडणं चालूच, पण जमीन काही जवळ येत नाही. अशी एक फेरी सुमारे दीड तासात होते.

आता ऊर्जा. माझ्या मते या अभ्यासक्रमाची खरी कमाई इथे आहे, आणि अर्धं सत्र यावरच घालवलं तरी बिघडत नाही. ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. शाळेत राहून जातो तो जमाखर्च, आणि मजा त्यातच आहे.

साठ किलोचा माणूस दहा मजले चढला. दर मजला तीन मीटर धरला तर उंची तीस मीटर. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची: सुमारे १७,६०० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक). एक ग्रॅम साखरेत साधारण १७,००० ज्यूल असतात. म्हणजे दहा मजल्यांची चढण एका ग्रॅम साखरेत आटोपली! स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते, म्हणून प्रत्यक्षात चार-पाच ग्रॅम लागतील. एक चमचा. नुसत्या व्यायामानं वजन उतरवणं इतकं जिवावर का येतं, ते या दोन ओळींच्या गणितात दिसतं. अन्नात ऊर्जा ठासून भरलेली असते आणि यांत्रिक काम स्वस्त असतं.

दुसरा घोळ किलोवॅट आणि किलोवॅट-तास यांचा. तो बातम्यांतही रोज होतो. किलोवॅट हा ऊर्जा वापरण्याचा वेग आहे, किलोवॅट-तास म्हणजे वापरलेली एकूण ऊर्जा, वीजबिलावरचं एक युनिट. एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. आता तुलना बघा. चांगल्या स्मार्टफोनची पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १९ वॅट-तास ऊर्जा धरते. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ९३ वॅट-तास लागतात. म्हणजे फोन पाच वेळा पूर्ण चार्ज करण्याइतकी ऊर्जा एक लिटर पाण्यात गेली. सॉकेटमध्ये रिकामा राहिलेला चार्जर अर्धा वॅट खातो असं धरू. आजचे बरेच चार्जर त्याहून कमी खातात. दिवसाचे झाले १२ वॅट-तास. दोन हजार वॅटचा हीटर दहा मिनिटं चालला की ३३३ वॅट-तास होतात, म्हणजे त्या चार्जरचा जवळजवळ महिन्याचा खर्च. चार्जर काढून ठेवायला कुणाची हरकत नाही, पण त्यातून वीज वाचवल्याचं समाधान मिळत असेल तर ते फुकटचं आहे. तापवणं महाग असतं, माहिती हलवणं स्वस्त.

वेगाचंही तसंच. गाडीचा वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकला तेवढी सगळी जिरवावी लागते, म्हणून थांबायचं अंतरही चौपट. पन्नास किलोमीटर वेगानं भिंतीवर आदळणं हे सुमारे दहा मीटरवरून पडण्याबरोबरीचं, म्हणजे तीन मजल्यांहून थोडं जास्त. शंभरच्या वेगाला तीच उंची ३९ मीटर होते, तेरा मजले. हे एकदा स्वतः मांडून पाहिलं की वेगमर्यादेचा फलक वेगळ्या नजरेनं वाचला जातो.

जमाखर्च यायला लागला की काही बातम्या पहिल्या ओळीतच बाद करता येतात. पाण्यावर चालणारी गाडी दर काही वर्षांनी कुठे ना कुठे अवतरते. पाणी म्हणजे जळून झालेला हायड्रोजन. त्यातून हायड्रोजन परत वेगळा करायला किमान तेवढी ऊर्जा घालावी लागते जेवढी तो पुन्हा जाळल्यावर मिळेल, आणि व्यवहारात त्याहून जास्तच. म्हणूनच हायड्रोजन हा ऊर्जेचा साठा आहे, स्रोत नव्हे. त्यासाठी ऊर्जा आली कुठून हा प्रश्न उरतोच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं तर १७७५ सालीच जाहीर केलं होतं की आपोआप अखंड चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासले जाणार नाहीत. तेव्हा ऊर्जेचा नियम अजून नीट मांडलेलाही नव्हता. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पक्का झाला. फसव्या यंत्रांचा कंटाळा मात्र आधीच आला होता.

ऊर्जा कायम राहते तर ती ‘वाचवा’ कशाला म्हणतात? शंका रास्त आहे. उत्तर उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमात आहे. ऊर्जेचं प्रमाण तेच राहतं, तिची उपयोगिता घटत जाते. पेट्रोलमधली एकवटलेली ऊर्जा गाडी चालवते आणि शेवटी कोमट हवा, कोमट टायर, कोमट रस्ता यांत विखुरते. सगळी तिथेच आहे, पण ती गोळा करून पुन्हा गाडी हलवता येत नाही. उष्णतेपासून काम काढण्याला कमाल मर्यादा असते आणि ती तापमानांवर ठरते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ साली दाखवलं. कोळशावरच्या वीजकेंद्रात जवळजवळ साठ टक्के उष्णता विजेत न उतरता बाहेर जाते, त्यात अभियंत्यांच्या निष्काळजीपणापेक्षा या नियमाचा वाटा मोठा आहे. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न: बंद खोलीत फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होईल का? फ्रिज आतली उष्णता मागच्या बाजूनं त्याच खोलीत टाकतो, वर त्याला लागणारी वीजही शेवटी उष्णताच होते. खोली तापेल.

उष्णता आणि तापमान यांतला फरकही इथेच येतो. त्यावर फार रेंगाळायची गरज नाही. फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात असूनही हातावर पडली तर क्वचितच पोळते, कारण तिच्यात द्रव्यच इतकं कमी की उष्णता नगण्य. एवढं कळलं की पुढे जावं.

‘रेडिएशन’ या भागाला मात्र निवांत वेळ द्यावा. या शब्दाइतकी भीती भौतिकशास्त्रातल्या दुसऱ्या कुठल्याच शब्दानं पसरवलेली नाही. दिव्याचा प्रकाश, मोबाइलच्या लहरी, एक्स-रे ही सगळी विद्युतचुंबकीय प्रारणं. एका जातीची, मग परिणाम इतके वेगळे कसे? याची किल्ली आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या एका निबंधात आहे, ज्याच्यासाठी त्याला १९२१ चं नोबेल मिळालं. प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुड्यांत येतो, त्या म्हणजे फोटॉन, आणि एका फोटॉनची ऊर्जा वारंवारतेवर, म्हणजे लहरीची सेकंदाला किती आंदोलनं होतात त्यावर, ठरते. रेणूतला बंध तुटायचा तर एकाच फोटॉनकडे पुरेशी ऊर्जा हवी. दहा फुटी भिंतीपुढे फूटभर उडी मारणारी शंभर मुलं उभी केली तरी एकही पलीकडे जात नाही, तसंच आहे हे.

आकडे घालून पाहू. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या पातळीवर वापरायचं ऊर्जेचं चिमुकलं एकक) लागतात. कार्बन-कार्बन बंधाला साधारण साडेतीन. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनकडे सुमारे २.३ असतात. अतिनील किरणांकडे तीनच्या वर, काहींकडे चारच्याही पुढे, म्हणून ऊन त्वचेचं नुकसान करू शकतं. मोबाइलच्या दोन गिगाहर्ट्झ लहरींच्या फोटॉनकडे एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा लाखावा भागही नसतो. खोलीतल्या साध्या दिव्याचा फोटॉन त्याहून अडीच लाख पटींनी बलवान असतो. तेव्हा मोबाइलच्या लहरी डीएनए तोडून कर्करोग करतात हा दावा निदान या वाटेनं तरी उभा राहत नाही. त्या शरीर किंचित तापवू शकतात, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्या हिशोबानंच आखलेल्या असतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच जातीच्या लहरींवर चालतो, पण तिथे हजारभर वॅट एका बंद पेटीत कोंडलेले असतात.

किरणोत्साराची, म्हणजे अस्थिर अणू फुटताना बाहेर पडणाऱ्या कण-किरणांची, भीती वेगळी, आणि ती पूर्णपणे अनाठायी नाही, कारण तिथले कण आणि गॅमा किरण बंध सहज तोडतात. पण ‘आहे की नाही’ हा प्रश्न इथे निरुपयोगी ठरतो. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरातल्या पोटॅशियम-४० चे चार हजारांहून जास्त अणू दर सेकंदाला फुटत असतात. जन्मापासून, सगळ्यांचेच. विचारायचं ते ‘किती?’ नैसर्गिक स्रोतांतून जगात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या हिशोबानं किरणोत्सार मोजायचं एकक) मात्रा मिळते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ च्या आसपास, पोटाच्या सीटी स्कॅनची काही मिलिसीव्हर्ट. हे आकडे डोक्यात असले की डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो.

अर्धायुष्य म्हणजे पदार्थातले निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ. त्याबद्दलही एक उलटी समजूत असते: जितकं लांब, तितकं भयंकर. खरं तर अणूंची संख्या सारखी धरली तर ज्याचं अर्धायुष्य कमी तो पदार्थ जास्त भराभर फुटतो. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस. सुरुवातीला ते फार तीव्र, पण ऐंशी दिवसांत दहा वेळा निम्मं होऊन हजाराव्या भागावर येतं. प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. ते सावकाश फुटतं, पण सांभाळायची जबाबदारी किती पिढ्यांवर पडते ते बघा. धोके दोन्ही आहेत, वेगवेगळ्या जातीचे.

सापेक्षता (वेग आणि गुरुत्वाकर्षणानुसार घड्याळाची गती बदलते असं सांगणारा आइन्स्टाइनचा सिद्धांत) आणि क्वांटम (अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचं भौतिकशास्त्र) बहुतेक अभ्यासक्रमांत शेवटच्या आठवड्यांत उरकले जातात, आणि विद्यार्थी त्यांचीच वाट बघत असतात. सापेक्षतेचा एकच दाखला पुरे: जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे सात मायक्रोसेकंद मागे, कमी गुरुत्वाकर्षणामुळे पंचेचाळीस पुढे. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरची चूक दिवसाला किलोमीटरांत जाईल. क्वांटमबद्दल सांगायचं तर, कुणी तो शब्द वापरून औषध, पाणी किंवा मनःशांती विकत असेल तर पाकीट खिशातच राहू द्यावं.

प्रयोगशाळा हा भाग पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो, आणि तिथेच मोजमाप म्हणजे काय ते कळतं. एक मीटर दोरीला वजन बांधून झुलवा. एका पूर्ण झोक्याला दोन सेकंदांहून किंचित जास्त लागतात. वजन बदला, फरक पडत नाही. पण घड्याळ दाबताना आपल्याच बोटाची दोन दशांश सेकंदांची चूक होऊ शकते, म्हणजे एका झोक्यात दहा टक्के. म्हणून वीस झोके मोजायचे आणि वेळेला विसानं भागायचं. बोटाची चूक तेवढीच राहते, ती विसांत वाटली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. आता झोका लहान ठेवण्याऐवजी दोरी ४५ अंशांपर्यंत ओढून सोडा. पुस्तकातलं सूत्र लहान झोक्यापुरतंच खरं असतं. मोठ्या झोक्याला सुमारे चार टक्के जास्त वेळ लागतो. एक झोका मोजून हा फरक पकडता येणार नाही. वीस मोजले तर झोका हळूहळू लहान होत गेला तरी सेकंदभराची वाढ दिसते.